सिस्टरच्या एसीतला खुळखुळा

फोन ठेवल्या ठेवल्या शेठ म्हणाले, "तुझ्या सिस्टरचा फोन होता. एसी आवाज करतोय. मशीन परत न्या म्हणतात."

 तो एसी मीच विकला होता, आणि सगळ्यात शांत हाच, असं छातीवर हात ठेवून सांगितलं होतं.

मी नववीपर्यंत शिकलेली. नाशिकला सिडकोत एसीच्या दुकानात लागून अडीच महिने झाले होते. तीन महिने ट्रायल असते. ट्रायल संपली की दुकानाचा निळा टी-शर्ट मिळतो, नाय तर घरी बसायचं. तो एसी माझा पहिलाच. त्याआधी मी नुसतं पाणी द्यायची आणि रिमोटमध्ये सेल टाकायची.

सिस्टर म्हणजे हॉस्पिटलमधल्या नर्स. पाथर्डी फाट्याला नवीन फ्लॅट घेतलेला, शेवटचा मजला, बेडरूमवर दुपारी ऊन. त्यांना नाईट ड्युटी, म्हणून दिवसा झोपायचं. दुकानात आल्या तेव्हा डोळे लाल होते. म्हणाल्या, "थंड थोडा कमी झाला तरी चालेल गं, पण आवाज नको. आणि लय महाग नको, आताच फ्लॅट घेतलाय."

शेठ त्यांना फाईव्ह स्टार दाखवत होते. स्टार म्हणजे लाईट किती खातो ते. जास्त स्टार, कमी बिल, पण मशीन महाग. मी मधेच बोलले, "ताई, आपल्या नाशकात एसी अडीच महिने चालतो, मग पावसाळा. थ्री स्टार बास होईल. पण इन्व्हर्टरवाला घ्या." साधा एसी दर थोड्या वेळाने बंद होतो, परत धाडकन चालू होतो, त्यानेच झोप मोडते. इन्व्हर्टरवाला बंद होत नाय, हळू होतो. खोक्यावर आवाजाचा आकडा असतो, डेसिबल म्हणतात. मी सगळी खोकी फिरवून फिरवून सगळ्यात लहान आकडा शोधला. दुकानात ऐकून कळत नाय, बाहेर रिक्षा चालू असतात, सगळेच एसी गरीब वाटतात. बाहेरची पेटीपण ग्रिलवर नको, भिंतीवर लावा म्हणून सांगितलं. ग्रिल घुमतं.

महागवाला खपला नाय म्हणून शेठचं तोंड तेव्हापासून वाकडं होतं. आता तर विचारायलाच नको. म्हणाले, "जा रफिकभाईबरोबर. मशीन परत आलं, तर तू उद्यापासून येऊ नको."

सासूबाई लग्नाला देवळ्याला गेलेल्या, म्हणून माझी पोरगी पिहू माझ्याजवळच होती, सव्वा वर्षाची. तिला कडेवर घेतलं आणि मेकॅनिक रफिकभाईंच्या गाडीवर मागे बसले. रस्ताभर मी देवाचं नाव घेत होते.

सिस्टरनी दार उघडलं. आत या पण म्हणाल्या नाय. "दोन दिवस झोपले नाय मी. काल इंजेक्शन भरताना हात थरथरला माझा. तुझ्यावर विश्वास ठेवला गं मी."

रफिकभाईंनी एसी चालू केला. आधी गप्प होता, मग आवाज सुरू झाला. खर्र, खुळ, खर्र, खुळ. रफिकभाई कान लावून म्हणाले, "बेअरिंग गया. कंपनीत कंप्लेंट टाकू. आठ-दहा दिवस लागतील."

"मला नकोच तो," सिस्टर म्हणाल्या. "काढून न्या आत्ताच्या आत्ता."

मी रडायच्या बेतात. आणि कडेवर पिहू एकदम हसायला लागली. एसीकडे हात करून उड्या मारायला लागली, द्या द्या करून. ती अशी एकाच गोष्टीला करते. मी घाईघाईने बोलले, "रफिकभाई, बेअरिंग नाय. आत काहीतरी सुटं हाय. खुळखुळ्यासारखं."

"बाई, तू मेकॅनिक की मी?"

"तुम्हीच. पण एकदा उघडा ना. पाया पडते."

बडबडत बडबडत त्यांनी खालचा लाईटचा खटका पाडला, पुढचं झाकण काढलं. आत लांब दांडक्यासारखा पंखा असतो, त्याला ब्लोअर म्हणतात. तो हाताने फिरवला आणि टॉर्च मारली. "या अल्ला," म्हणाले. पंख्याच्या पात्यांमध्ये तांदूळ. लाल लाल तांदूळ.

सिस्टरच्या सासूबाई दारात उभ्या होत्या, त्या पटकन पुढे आल्या. "मीच टाकल्या अक्षता. रविवारी वास्तुशांती झाली ना. नवीन वस्तू घरात आली, नको का टाकायला?"

"आई, चालू मशीनमध्ये?"

"चालू कुठे? तूच बटण दाबलं सगळ्यांना दाखवायला. तोंड उघडलं त्याने, वारा काय आला नव्हता. मी म्हटलं, आता टाकावं."

बरोबर होतं त्यांचं. बटण दाबलं की आधी पट्टी उघडते, वारा जरा वेळाने सुटतो. तेवढ्यात अक्षता आत.

"तरी बरं, पेढा नाय भरवला," रफिकभाई म्हणाले. सिस्टर पहिल्यांदा हसल्या. रफिकभाईंनी जुन्या टूथब्रशने एक एक दाणा काढला. परत चालू केला. काहीच ऐकू येईना. पिहूने भोकाड पसरलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी सिस्टरला फोन लावला, आता कसाय विचारायला. उचलला नाय. परत लावला. तिसऱ्यांदा पण नाय. झालं, म्हटलं, परत बिघडला. शेठ माझ्याकडेच बघत होते. मला जेवण गेलं नाय.

संध्याकाळी त्यांचाच फोन आला. "काय गं, तीन मिस कॉल? झोपले होते मी."

पंधरा दिवसांनी टी-शर्ट मिळाला, दोन साईज मोठा. आता बिल देताना मी प्रत्येकाला सांगते, पूजा जरूर करा, पण खोक्याची करा. मशीन भिंतीवर चढलं की लांबून हात जोडा.