भिंतीवरची अमेरिका

निवृत्त होऊन चार वर्षं झाली, पण त्या बैठकीच्या खोलीतली रिकामी भिंत अजून माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. भिंतीवर दोन खिळे होते आणि त्यांच्याखाली रंगाचा एक चौकोन उजळ राहिला होता. चोरीला गेली होती एक लाकडी फळी.

इंग्लंडमधल्या ब्रॅकनेलजवळच्या एका ठाण्यात मी तेव्हा डिटेक्टिव्ह सार्जंट होतो. एवढीशी तक्रार खरं तर कॉन्स्टेबलच नोंदवून मोकळा होतो. पण घर मराठी माणसांचं, म्हणून इन्स्पेक्टरने कागद माझ्या टेबलावर सरकवला. "तुझी माणसं आहेत, तूच बघ." या एका कारणावरून कितीतरी केसेस माझ्या गळ्यात पडल्या.

आत गेलो तर घर मराठी वाटेना. दारावर गंजक्या पत्र्याचा मोठा तारा, जिन्यापाशी लाकडात कोरलेला गरुड, सोफ्यावर लाल, पांढऱ्या, निळ्या तुकड्यांची गोधडी. घरमालकीण बाई नवऱ्याबरोबर अकरा वर्षं ओहायोत राहिल्या होत्या. नवऱ्याची नोकरी गेली, व्हिसा संपला आणि नाइलाजाने इकडे यावं लागलं. येताना तिथलं घरच उचलून आणलं म्हणा ना. हरवलेली फळी तिथल्या म्हाताऱ्या शेजारणीने दिली होती. तिने आपल्या मोडक्या कोठाराच्या फळीवर स्वतःच्या हाताने अमेरिकेचा झेंडा रंगवला होता. ती म्हातारी आता हयात नव्हती.

"बाकी सगळं नेलं असतं तरी चाललं असतं हो," बाई म्हणाल्या. "तेवढं एक मिळवून द्या."

मला वाईट वाटायला हवं होतं. आला तो राग. मी लंडनच्या ईलिंगमध्ये वाढलो. धाकटा भाऊ शिकून अमेरिकेला गेला आणि आमच्या आईच्या तोंडी दुसरा विषय उरला नाही. मी पहिल्यांदा युनिफॉर्म घालून घरी गेलो, त्या दिवशीही ती पाहुण्यांना त्याच्या बागेचे फोटो दाखवत होती. एका वर्षी त्याने मला असाच पत्र्याचा तारा पाठवला. बायको म्हणाली, दारावर छान दिसेल. मी तो गॅरेजमध्ये जुन्या टायरांमागे टाकून दिला. सरळच सांगतो, मी जळत होतो.

तपासात फारसं काही हाती नव्हतं. शनिवारी नवराबायको मुलीला भेटायला ब्रिस्टलला गेली होती आणि संध्याकाळी परतली, तेव्हा फळी नव्हती. कुलूप शाबूत होतं. मागच्या दाराची किल्ली कुंडीखाली असते, हे त्यांच्या मराठी मंडळातल्या निम्म्या बायकांना माहीत होतं.

मंगळवारी ठाण्यात निनावी फोन आला. आवाज बाईचा. "चोरीबिरी काही नाही. तिनेच लपवलंय. सगळ्यांचं लक्ष तिच्याकडे जावं म्हणून." बातमी कोणी दिली, का दिली, हे आधी तपासायचं असतं. नव्या पोरांना मीच ते शिकवत असे. पण ही बातमी मला गोड लागली. मी थेट बाईंच्या घरी गेलो, फोनचं सांगितलं आणि तोंडावर विचारलं, "फळी तुम्हीच कुठे ठेवलीत का?"

बाईंचा चेहरा उतरला. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तरी आल्यागेल्याला रिकामं पाठवायचं नाही, या सवयीने बाई चहा घेऊन आल्या आणि ओट्यावरच्या स्टीलच्या डब्यातून दोन लाडू बशीत ठेवले. मी निर्लज्जासारखा एक खाल्ला.

"बेसन छान भाजलंय," मी म्हणालो.

"माझे नाहीत. डबा परत आला ना, त्यातून आलेत."

"कधी परत आला?"

"ते नाही माहीत, दारात यांनी घेतला असेल," त्या नवऱ्याकडे बघत म्हणाल्या.

"मी कुठे? मला वाटलं तूच घेतलास."

बाई डब्याकडे बघत राहिल्या. झाकणावर त्यांचं नाव कोरलेलं होतं. गौरीच्या जेवणानंतर त्यातून पुरणपोळ्या त्यांनी आपल्या सगळ्यात जवळच्या मैत्रिणीला बांधून दिल्या होत्या. शुक्रवारपर्यंत डबा तिच्याकडेच होता.

त्या मैत्रिणीला ठाण्यात बोलावलं. रीतसर कायदेशीर सूचना दिली, रेकॉर्डिंग सुरू केलं. सॉलिसिटर नको म्हणाली. आधी दहा मिनिटं "मला काही आयडिया नाही" चाललं. मग मी डबा टेबलावर ठेवला.

"चोरी करायला जाताना कोणी लाडू घेऊन जातं का?"

"चोरी करायला नव्हते गेले," ती रडत म्हणाली. "डबा द्यायला गेले होते. रिकामा कसा देणार? बेल वाजवली, कुणी नाही. म्हटलं, आत ठेवून जाऊ. आणि ते समोर दिसलं." मग भडाभडा बोलत सुटली. "सर, आमचा यूएसचा व्हिसा दोनदा रिजेक्ट झाला. आणि ती तिथून परत आली तरी कौतुक तिचंच! प्रत्येक गेट-टुगेदर तिच्याकडे, सगळे फोटो तिच्या भिंतीसमोर. आमच्याकडे लँडलॉर्डचा तोच फिकट मॅग्नोलिया पेंट, एक खिळा ठोकायची परमिशन नाही. जळायचे मी. फोनपण मीच केला."

फळी तिच्या बेडरूममधल्या कपाटात सापडली. साड्या बाजूला सारून नीट उभी केली होती, दार उघडलं की समोर दिसेल अशी.

बाईंनी कोर्टकचेरी नको म्हटलं, म्हणून लेखी ताकीद देऊन प्रकरण मिटवलं. पण दोघींचं बोलणं बंद झालं ते कायमचंच. फळी परत द्यायला मीच गेलो. बाईंनी ती स्वेटरच्या बाहीने पुसली आणि शांतपणे विचारलं, "अहो, तो फोन खोटा असेल, असं तुम्हाला एकदाही वाटलं नाही?"

"प्रोसीजर असते," मी म्हणालो आणि निघालो.

बातमी जितकी आपल्याला हवीहवीशी, तितकी ती जास्त तपासावी, हे मी या केसमध्ये शिकलो. पण शिकायला एका निरपराध बाईचा अपमान करावा लागला. मैत्रिणीची ताकीद रेकॉर्डवर गेली, माझी कुठेच नोंद नाही.

तारा अजून टायरांमागेच आहे. भाऊ दर दिवाळीला फोनवर विचारतो, "दादा, लावलास का रे?" मी हो म्हणतो.