थॉर्नवेलचा कोंडवाडा

ॲन आर्बरहून पश्चिमेला पाऊण तास ड्राइव्ह केलं की थॉर्नवेल लागतं. एक चर्च, गिरणीचं जुनं तळं, एक गॅस स्टेशन आणि चहूकडे सोयाबीनची शेतं. उत्तरा कानविंदे तिथे चव्वेचाळीस वर्षं राहतायत. काउंटीच्या रस्ते खात्यात पूल तपासणाऱ्या इंजिनियर म्हणून त्यांनी नोकरी केली आणि तिथूनच रिटायर झाल्या. नवरा हेमचंद्र गावातले डॉक्टर. ते वारल्यावर मुलगी सावनी त्यांना सनीव्हेलला आपल्या घरी न्यायला आली होती, पण आठवड्याने एकटीच परत गेली. मराठी मंडळातले आम्ही सगळे त्यांना काकू म्हणतो आणि थोडे दबकूनच असतो. न पटलेलं त्या तोंडावर सांगतात.

चर्चच्या समोर, रस्त्यापलीकडे, एक गोल दगडी भिंत आहे. छातीइतकी उंच, चुन्याशिवाय रचलेली. आत नुसतं गवत, आणि जायला एकच अरुंद फट. गावातले लोक तिला कुणाच्या तरी पडलेल्या घराचा पाया समजत. काकूंना ते कधी पटलं नाही. भोरजवळच्या त्यांच्या माहेरी ग्रामपंचायतीचा कोंडवाडा होता. कुणाचं जनावर दुसऱ्याच्या पिकात शिरलं की तिथे कोंडायचे आणि मालक दंड भरून सोडवून न्यायचा. ही भिंत त्यांना तशीच वाटे. हेमचंद्रना त्या म्हणायच्याही, पण ते हसण्यावारी न्यायचे.

तीन वर्षांपूर्वी टाउनशिप बोर्डाने, म्हणजे इथल्या ग्रामपंचायतीने, ठरवलं की भिंत पाडून तिथे पार्किंग करायचं. काकू मीटिंगला गेल्या. बोलायला प्रत्येकाला तीन मिनिटं मिळतात. त्यांनी सांगितलं की हे घर नाही, हा कोंडवाडा आहे. बोर्डाचे अध्यक्ष रँडल यांनी हसून विचारलं की त्यांच्या देशातली गोष्ट इथे कशी काय लागू होणार, या गावाचा इतिहास वेगळा आहे.

"मी इथे एकेचाळीस वर्षं आहे," काकू म्हणाल्या. "तुम्ही किती?"

रँडल नऊ वर्षांपूर्वी आले होते. त्यांनी पुढच्या माणसाचं नाव पुकारलं.

काकू घरी आल्या आणि कामाला लागल्या. थॉर्नवेल वसवणारी माणसं इंग्लंडमधल्या डर्बीशायरहून आली होती आणि त्यांनी आपल्याच गावाचं नाव इथे दिलं होतं, एवढं सगळ्यांना माहीत होतं. त्या मूळ गावाच्या चर्चला काकूंनी ईमेल केला. उत्तर आलं ॲग्नेस नावाच्या निवृत्त शिक्षिकेकडून, सोबत अकरा फोटो. तिथेही अशीच गोल भिंत होती, छातीइतकीच उंच. तिला ते पिनफोल्ड म्हणत. भटकी गुरं कोंडायची जागा. फट मुद्दाम चर्चकडे ठेवलेली, म्हणजे रविवारी येणाऱ्या प्रत्येकाला दिसावं की आज कुणाची गाय अडकलीय. काकूंनी टेप घेऊन इथली भिंत मोजली, ॲग्नेसबाईंनी तिथली. व्यासात फरक निघाला जेमतेम चार इंचांचा. मग काकू काउंटीच्या जुन्या कागदपत्रांत बसल्या आणि नवव्या दिवशी त्यांना १८३९ ची नोंद सापडली. टाउनशिपच्या पहिल्याच सभेत गावाने एक कोंडवाडा-राखणदार निवडला होता आणि खाली हजर गावकऱ्यांची यादी होती.

हे सगळं बोर्डापुढे ठेवल्यावर तडजोड आली. दगड काढून पार्कात रचू, वर एक पाटी लावू. सावनीने फोनवर समजावलं, "आई, दॅट्स अ गुड डील. टेक इट."

"इथून हलवली की ती भिंत राहत नाही, ढीग होतो," काकू म्हणाल्या आणि फोन ठेवला.

बोर्डाने चार विरुद्ध तीन मतांनी पाडण्याचा ठराव केला. शिवाय काकूंना पत्र पाठवलं की यापुढे भिंतीच्या आत पाऊल टाकलं तर कारवाई होईल. ते पत्र त्यांनी फ्रिजवर लावलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजायला गेल्या.

ऑक्टोबरात एका सकाळी खोदाईचं मशीन आलं तेव्हा काकू आत होत्या. जाड कोट, हातात वही. ऑपरेटरने बाहेर यायची विनंती केली.

"माझं मोजमाप व्हायचंय," त्या म्हणाल्या. "एकेक दगड नोंदवतेय. वेळ लागेल."

त्याने इंजिन बंद केलं. माणूस आत असताना मशीन चालवणार नाही, असं त्याने रँडलना फोनवर सांगितलं. शेरिफचा पोलिस आला. त्याने शांतपणे दंडाची पावती फाडली आणि बाहेर चला म्हणाला. काकूंनी पावती वहीत ठेवली आणि पुढचा दगड मोजायला घेतला. तोवर चर्चमधून दोन बाया थर्मास घेऊन आल्या होत्या आणि त्याही आत शिरल्या. मग गॅस स्टेशनवाला. मग तळ्याजवळचं एक शेतकरी जोडपं, ज्यांचं आडनाव १८३९ च्या त्या यादीत होतं. दुपारपर्यंत आत उभं राहायला जागा नव्हती. आता कुणाकुणाला पावती द्यायची, हे त्या पोलिसालाही कळेना. मशीन ट्रकवर चढवून परत नेलं.

पुढच्या मीटिंगला हॉल पुरला नाही. एका सदस्याने मत बदललं आणि ठराव रद्द झाला. पार्किंग गिरणीच्या बाजूला झालं. रँडलनी मात्र इतिहासाची पाटी लावायला परवानगी दिली नाही. काकूंनी स्वतः लाकडी पाटी करून लावली. ती काढली गेली. त्यांनी दुसरी लावली, तीही गेली. आत्ता तिथे आहे ती चौथी.

दंडाविरुद्ध त्या कोर्टात गेल्या आणि हरल्या. गेल्या नोव्हेंबरात बोर्डाच्या जागेसाठी उभ्या राहिल्या आणि तेवीस मतांनी पडल्या. मी भेटायला गेलो तेव्हा सांत्वनाचं काहीतरी बोलायच्या तयारीत होतो. त्यांनी मला पोहे दिले आणि विचारलं की पुढच्या निवडणुकीत दारोदार फिरायला माझे शनिवार मोकळे आहेत का.

त्या आता बहात्तर वर्षांच्या आहेत. मी हो म्हणालो.