मागच्या सीटवरच्या चौघी

कॉलेजच्या दिवसांत मला चार मैत्रिणी होत्या, आणि चौघीही मी मनाने तयार केलेल्या होत्या.

शाळेतल्या मुली दहावीनंतर पुण्याला, बेळगावला पांगल्या. मी कोल्हापुरातच राहिले. शनिवारी संध्याकाळी पुस्तक घेऊन रंकाळ्यावर जायचे आणि दिवे लागायच्या सुमाराला परत यायचे. मम्मीला जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. घरात पप्पा आणि मी, दोघंच. एकदा त्यांनी विचारलं, "कोण कोण होतं गं?" कोणी नव्हतं असं सांगितलं तर त्यांचा चेहरा कसा होईल ते मला माहीत होतं. म्हटलं, "आम्ही पाचजणी."

मग त्या चौघींना नावं द्यावी लागली. एकीला स्कूटी दिली, एकीला कडक वडील, एकीला कायमची सर्दी. चौथी फार हसायची. पप्पा सगळं लक्षात ठेवायचे. जेवताना विचारायचे, "तिची सर्दी बरी झाली का?" मला खोटं बोलायला आवडत नव्हतं. पण त्या चौघींमुळे जेवताना पाच-दहा मिनिटं आमच्यात बोलणं होई, आणि एरवी ते होत नसे.

पप्पांकडे जुनी काँटेसा गाडी होती. लांब नाक, चौकोनी पाठ. मम्मी असताना आम्ही नृसिंहवाडीला जायचो तेव्हा कोडोलीची चुलत भावंडं मागच्या सीटवर अशी कोंबलेली असत की मला कुणाच्या तरी मांडीवरच बसावं लागे. नंतर त्यांचं येणं कमी झालं. भांडण वगैरे काही नाही. मम्मी बोलवायची, आम्हाला दोघांनाही बोलवायला जमलं नाही. मागच्या सीटवर एक छत्री आणि जुनी वर्तमानपत्रं पडलेली असत.

रद्दीच्या दुकानात मला इंग्रजी मोटारींची मासिकं मिळायची. त्यांतल्या एका अमेरिकन गाडीचे मागचे टायर पुढच्यांपेक्षा चांगलेच रुंद होते. उडी मारायच्या आधी मांजर मागच्या पायांवर दबतं, तशी ती दिसायची. तो फोटो मी वर्षभर जपून ठेवला होता. एका सकाळी धीर करून पप्पांपुढे ठेवला. "आपल्या गाडीला असे बसतील?"

पप्पांनी पेपर खाली ठेवला. बऱ्याच वर्षांत मी काही मागितलं नव्हतं. ते म्हणाले, "विचारू या."

उद्यमनगरात पप्पांच्या ओळखीचे मिस्त्री होते. मूळ टायर एकशे पंच्याहत्तर मिलिमीटर रुंदीचे होते, मला मागे दोनशे पाचचे हवे होते. मी आकडा चिठ्ठीवर लिहून पप्पांकडे दिला, पप्पांनी तो मिस्त्रींना दिला. मिस्त्रींनी आधी चिठ्ठी बघितली, मग मला.

"ताई, बोलला तर मी चावत न्हाय."

मी हसले, पण बोलले नाही. वर्कशॉपमध्ये माझं मराठी मलाच पाठ्यपुस्तकातलं वाटायचं.

"चाकाची डिस्क कंपनीचीच ठेवायची म्हंता, तर त्यावर ह्यो शेवटचा आकडा," मिस्त्री पप्पांना म्हणाले. "ह्याच्या वरचा घातला तर टायर मधी फुगतोय आणि कडंला रस्त्याला टेकत न्हाय."

त्यांनी मागचे दोन्ही टायर चढवले. गाडी जॅकवरून खाली आली तेव्हा मी मागे जाऊन उभी राहिले. अगदी फोटोतल्यासारखी नाही, पण तिचीच धाकटी बहीण वाटावी अशी दिसत होती.

मिस्त्रींनी टायर आणि मडगार्डच्या मध्ये बोटं घालून बघितली. दोन बोटं जेमतेम बसली. गणपती महिन्यावर आले होते, कुंभार गल्लीतून आणलेली शाडू त्यांच्याकडे होती. तिचे छोटे गोळे त्यांनी मडगार्डच्या आतून कडेला चिकटवले.

"टायर लागला की मातीवर नक्षी उठती. पण मोकळ्या गाडीत काय कळतंय, साहेब? मागं माणसं बसवा. चांगली चौघं. रविवारी घिऊन या, खड्ड्यातनं एक फेरी मारू."

"चौघं ना?" पप्पा उत्साहाने म्हणाले. "हिच्या चार मैत्रिणी आहेत की. त्यांनाच आणतो. एवढ्या दिवसांत भेटल्या नाहीत कधी."

मी नव्या टायरवरचे रबराचे केस बघत राहिले.

तीन दिवस होते. वर्गातल्या कुणाला विचारावं असं मनात आलं. पण विचारणार काय? रविवारी आमच्या गाडीत वजन म्हणून बसाल का? आणि दुसरीच्या नावाने? शुक्रवारी जेवताना मी सांगितलं की एक लग्नाला आजऱ्याला गेली आहे, एकीला ताप आहे, एकीची परीक्षा आहे आणि चौथीला एकटीला घरून सोडत नाहीत.

"चौघींनाही जमत नाही?"

"नाही."

त्यांनी भात कालवला. सर्दीबद्दल काही विचारलं नाही.

रविवारी आम्ही दोघंच गेलो.

"कुठायत माणसं?" मिस्त्री म्हणाले.

"त्यांना जमलं नाही."

"मग तुमचं ते रंकाळ्यावरचं मित्रमंडळ आणायचं की. रोज सकाळी फिराय जाता न्हवं?"

ते मित्रमंडळ मीही ऐकून होते. पप्पा रोज सकाळी दीड तास त्यांच्याबरोबर असत. पप्पांनी बॉनेटवरची धूळ बोटाने पुसली. "एकजण गावाला गेलाय. एकाचा गुडघा धरलाय. बाकीचे काय, रविवारी उशिरा उठतात."

शुक्रवारी माझा आवाज अगदी असाच निघाला होता. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे बघायचं टाळलं.

मिस्त्रींना यातलं काही दिसलं नाही. शेजारच्या पशुखाद्याच्या दुकानातून त्यांनी सरकी पेंडीची चार पोती मागवली. तीन मागच्या सीटवर उभी केली, चौथं त्या पोत्यांच्याच मांडीवर आडवं. "घ्या. ही काय ताप आला म्हणून घरी बसत न्हाईत."

पप्पांनी गाडी काढली. मिस्त्री त्यांच्या शेजारी बसले आणि मी पोत्याला खेटून मागे. कितीतरी वर्षांनी मी त्या सीटवर दाटीने बसले होते. पेंडीचा वास येत होता. उजळाईवाडीच्या रस्त्याला पहिल्याच खड्ड्यात मागून घर्र असा आवाज आला. पप्पांनी आरशात बघितलं. आरशात तीन पोत्यांची तोंडं होती आणि कोपऱ्यात मी.

"वजनदार आहेत तुझ्या मैत्रिणी," ते म्हणाले.

मिस्त्री मोठ्याने हसले. मी खिडकीबाहेर बघितलं. माझ्या मैत्रिणींचं पप्पांना कळलं होतं, आणि त्यांच्या मित्रमंडळाचं मला कळलं होतं हेही त्यांना कळलं होतं.

परत आल्यावर मिस्त्रींनी गोळे काढून दाखवले. डाव्या बाजूचा चपटा झाला होता, त्यावर टायरची नक्षी स्वच्छ उठली होती.

"दोघंच बसणार असाल तर टायर झकास हाय, कधी लागायचा न्हाय. पर मागं माणसं बसणार असली तर जुनंच बरं. कड ठोकून वळवता येती, पण पत्रा चिरला तर मला बोलायचं न्हाय."

"हौस तुझी आहे," पप्पा म्हणाले. "तू सांग."

गाडी फार सुंदर दिसत होती. दोघंच बसणार होतो हेही खरंच होतं. मी चिठ्ठी न लिहिता सरळ मिस्त्रींना म्हणाले, "जुनेच बसवा."

"का? एवढी हौस करून?"

"मागे माणसं बसतील."

"कवा?"



"बसतील की," पप्पा म्हणाले. "बसवा जुने."

घरी येताना मी पुढे बसले. मागच्या सीटवर पेंडीचा भुगा सांडला होता.  रेल्वे फाटकाजवळ थांबलो असताना पप्पा समोर बघत म्हणाले, "मी साडेसहाला निघतो सकाळी. एकटाच असतो."

"हं," मी म्हटलं. "मीपण. शनिवारी."

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या दाराशी चपला जरा जोरात वाजवल्या. मी जागी होते, पण उठले नाही. गुरुवारी उठले. ते तलावाच्या बाजूने चालत होते, मी रस्त्याच्या. एवढी माणसं फिरत होती, पण पूर्ण फेरीत त्यांना कुणी हाक मारली नाही. परतताना त्यांनी शेंगदाण्याच्या दोन पुड्या घेतल्या. एरवी ते एकच घेत असणार.