बव्हेरियाच्या प्रेअरीवरच्या सुमनकाकू

सुमनकाकूंना मी पहिल्यांदा पाहिलं ते नऊवारीत, बव्हेरियातल्या एका कुरणावर, कॅनव्हासच्या छपराच्या घोडागाडीमागून चालत येताना. मी फाटकाबाहेर पत्रकं वाटत उभी होते. मथळा माझाच: ‘दुसऱ्यांची जमीन, तुमचा वीकेंड’. रेगेन्सबर्गपासून तासाभरावर हा वेस्टर्न क्लब आहे. आठवडाभर बँकेत, विम्यात, मोटारीच्या कारखान्यात राबणारे जर्मन शनिवारी इथे येतात आणि अमेरिकेच्या पश्चिमेला वसायला निघालेल्या गोऱ्यांचा वेष करून तंबूत राहतात. तिथल्या मूळच्या लोकांना हुसकावलं गेलं, त्याची यांनी सहल केली आहे, असं माझं म्हणणं होतं. आजही आहे.

एकाने माझं पत्रक न वाचताच बादलीत टाकलं. “टाक, टाक, लाज कसली ती नाहीच,” मी पुटपुटले.

“लाज आहे गं त्याला, चष्मा नाही,” मागून त्या नऊवारीतल्या काकूंचा आवाज आला. “आत आजकालचे चष्मे चालत नाहीत. ये, पिठलं टाकलंय. आधी खा, मग शिव्या दे. उपाशीपोटी शिवी नीट लागत नाही.”

आत जायला निघाले तर डीटरने अडवलं. हा क्लबचा प्रमुख. दीडशे वर्षांपूर्वी जी वस्तू नव्हती ती आत न्यायची नाही, हा इथला कडक नियम, आणि माझ्या जाकिटाला झिप होती. काकूंनी जाकीट काढायला लावलं आणि स्वतःच्या खांद्यावरची घोंगडी माझ्यावर टाकली. “पहिल्या दिवशी हा माझ्या लुगड्याची शिवण शोधत माझ्याभोवती प्रदक्षिणा घालून दमला. शिवण असली तर सापडणार ना! शेवटी म्हणाला, फ्राऊ सुमन, इथे खऱ्या फक्त तुम्हीच. बाकी आम्ही सगळे मशीनवर शिवलेले.”

त्या प्रदक्षिणेत त्यांना कादंबरी सुचली होती. काकू एरवी गिअरबॉक्सची हँडबुकं जर्मनमधून इंग्रजीत करायच्या. मोहनकाका, त्यांचे यजमान, मोटारीच्या कारखान्यात इंजिनिअर. दोघं कराडकडचे. आणि साठीला आलेली ही बाई मराठीत प्रेमकथा लिहीत होती: रेगेन्सबर्गची रेवा नावाची इंजिनिअर मुलगी दीडशे वर्षं मागे जाऊन अमेरिकेतल्या एका तांड्यात पडते, नऊवारीत, आणि तांड्यातल्या जमीन मोजणाऱ्या तरुणाच्या प्रेमात पडते. मला हसू आलं. ते मी लपवलंही नाही.

पण काकूंची लिहायची पद्धत पाहिल्यावर हसू गेलं. अंगावर घेतल्याशिवाय त्या एक ओळ लिहीत नसत. क्लबचा तांडा निघाला की गाडीत बसायच्या नाहीत, मागून चालायच्या, सुजलेला गुडघा घेऊन. पावसात चाक रुतलं की चिखलात उतरून ढकलायच्या. ओल्या लाकडाचा धूर डोळ्यांत घेत भाकरी थापायच्या आणि धूर नेमका कुठे झोंबतो ते मला विचारायच्या. मोहनकाका घ्यायला यायचे, फाटकाबाहेर गाडीला टेकून उभे राहायचे आणि करवादायचे, “जन्मभर मी गाड्या हलक्या करत बसलो, आणि आमची बायको घोड्यांच्या शेणातून चालतेय!”

“अहो, तुमच्या गाडीत झोप फार छान लागते,” काकू म्हणायच्या. “सुचत मात्र काही नाही. आल्झो,” हे त्यांचं जर्मन ‘बरं तर’, “गुडघ्याचं तेल आणलंत का?”

लिहिलेली पानं त्यांनी मला वाचायला दिली. सुरेख होती. राग त्याचाच आला. त्यांच्या घरी गेले आणि चहाचा कप हातात यायच्या आत बोलले, “काकू, तुमच्या कादंबरीत क्षितिजापर्यंत गवत आहे, माणूस नाही. रेवाचा हिरो जी जमीन मोजतो ती कुणाची? तिथे आधी कोण राहत होतं?”

मला वाटलं, चिडतील. काकूंनी आधी चहाचा कप माझ्या हातात दिला.

“आमचं गाव धरणात गेलं,” त्या म्हणाल्या. “मी लहान होते. मोजणीची साखळी घेऊन एक जण आला. देखणा होता गं. आईने त्याला ताक दिलं, त्याने बसून प्यायलं, छान झालंय म्हणाला. मग उठला आणि आमच्या परसात, तुळशीजवळ, खुंटी ठोकली. वाईट नव्हता तो. मला त्याने लिमलेटची गोळी दिली.” मग म्हणाल्या, “आणि बघ, हिरो म्हणून मी नेमका त्यालाच घेतलाय. माझं मलाच कळलं नाही.”

मी घोषणा दिल्यात, मोर्चे काढलेत, उपोषणाला बसलेली माणसं जवळून पाहिलीत. पण आपल्या हाताने लिहिलेली, आपल्याला प्रिय असलेली सगळी पानं बाजूला ठेवून पहिल्या ओळीपासून पुन्हा सुरुवात करणारं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं. काकूंनी ते केलं, त्याच आठवड्यात. नव्या मजकुरात गवतातून माणसं उभी राहिली. त्यांच्या चुली आल्या, पोरं आली, ताकासारखं काहीतरी पुढे करणारी एक आई आली. आणि हिरो तितकाच देखणा राहिला. हे मला जमलं नसतं. माझ्या पत्रकात तो राक्षस झाला असता.

पुण्याच्या प्रकाशकांना काही हे रुचलं नाही. फोन स्पीकरवर होता, मी समोरच बसले होते. “मॅडम, वाचकाला प्रेम हवंय. मोजणी-बिजणी काढा, शेवटी लग्न लावा, लगेच छापतो.”

“लावते की लग्न,” काकू म्हणाल्या. “मांडव कुणाच्या जमिनीवर घालू, तेवढं सांगा.”

पुस्तक आजवर छापलेलं नाही.

मोहनकाका निवृत्त झाले, परत जायचं ठरलं. काकूंची ती शेवटची छावणी. मी म्हटलं, “जाण्याआधी हे क्लबातल्या लोकांना ऐकवा.” त्या घाबरल्या होत्या. हे लोक त्यांच्या जिवाभावाचे झाले होते. शेवटच्या दिवशी तोंड फिरवून गेले असते तर ते घेऊनच त्यांना विमानात बसावं लागलं असतं. “ऐकवते,” त्या म्हणाल्या. “पण तुझ्यासारखी फाटकाबाहेरून नाही. यांच्या पंगतीत बसून.”

रविवारी दुपारी, कॉफी आणि केकच्या वेळी, तंबूंच्या मधोमध नऊवारीत बसून त्यांनी तो भाग जर्मनमध्ये वाचला. हिरो ते ताकासारखं काहीतरी पितो, आभार मानतो, उठतो आणि चुलीशेजारी खुंटी ठोकतो. रेवा हे बघते, आणि तिचं त्याच्यावरचं प्रेम कमी होत नाही, हेच तिला सोसत नाही. काकूंचा आवाज एकदाच कापला, खुंटीपाशी. दोघं-तिघं उठून गेले. बाकीचे बसून राहिले. माझी पत्रकं ज्यांनी वाचलीही नव्हती ती ही माणसं, हॅट मांडीवर घेऊन, केकला हात न लावता ऐकत होती.

वाचून संपलं. डीटरने मांडीवरची हॅट बाजूला ठेवली. “फ्राऊ सुमन,” तो म्हणाला, “मग लग्न कुठे झालं त्यांचं?”

“नाही झालं अजून,” काकू म्हणाल्या. “जागा विचारत हिंडतायत दोघं. ज्यांची आहे, त्यांनाच.”