प्रभाकरचा हिरवा बोर्ड

निखिलचा फोन आला तेव्हा मी औरंगपुऱ्यातल्या माझ्या दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं होतं, जेवायला निघायचं म्हणून. "सलीमकाका, बाबांच्या घड्याळाचा आकडा मला इथं दिसत नाहीये. आई फोन उचलत नाय. जरा गारखेड्याला जाऊन बघता का? काढून ठेवलं असेल चार्जिंगला." बंगलोरात बसलेल्या पोराला बापाच्या, म्हणजे माझ्या दोस्त प्रभाकरच्या, छातीचे ठोके मोबाइलवर दिसायचे. ते दिसेनासे झाले म्हणून त्यानं मला घड्याळ बघायला पाठवलं. मी स्कूटर काढली. प्रभाकरच्या घराचं दार सताड उघडं होतं, सुनंदावहिनी त्याचं डोकं मांडीवर घेऊन फरशीवर बसल्या होत्या, आणि घड्याळ त्याच्या मनगटावरच होतं.

त्याला आता महिना उलटून गेला. मी अजून रागात आहे. राग उतरल्यावर लिहावं असं ज्यांना वाटतं त्यांनी इथंच पान उलटावं. शोकसभेत त्याच्या सकाळच्या फिरायच्या ग्रुपमधले एकेक जण उठून बोलले. काय ती शिस्त, काय तो बोर्ड, आनंदी कसं राहावं ते प्रभाकररावांकडून शिकावं... मी मागच्या खुर्चीवर बसून ऐकत होतो आणि तळपायाची आग मस्तकात जात होती. वहिनी समोर बसल्या होत्या म्हणून जीभ आवरली. नाहीतर उठून सांगणार होतो की ज्याला तुम्ही हार घालताय त्या बोर्डानंच आमचा माणूस खाल्ला.

बोर्ड कुठून आला ते सांगतो. मी आणि प्रभाकर वाळूजच्या एका कारखान्यात बरोबरच लागलो. गाड्यांचे पार्ट बनायचे तिथं. रोज सकाळी पाळी सुरू व्हायच्या आधी सगळ्यांनी एका बोर्डासमोर उभं राहायचं. काम नीट असेल तर हिरवं कार्ड, गडबड असेल तर लाल. कागदावर लई चांगली पद्धत. पण बाहेरचे पाहुणे तपासणीला यायचे असले की आदल्या दिवशी साहेब लोक सगळी लाल कार्डं उलटी करायला लावायचे, आणि बोर्ड कसा हिरवागार व्हायचा. वाळूजमधल्या कुठल्याही जुन्या कामगाराला विचारा, तो हसेल. प्रभाकर मात्र हसायचा नाही. "लाल आहे तर लालच राहील," असं तो साहेबाच्या तोंडावर म्हणाला होता. पाहुण्यांसमोर त्याच्या मशिनचं एकटं लाल कार्ड लटकत राहिलं, आणि त्याची बढती तिथंच अडकली. त्या दिवशी मी त्याला खांद्यावर घेऊन नाचायचाच बाकी होतो. असा होता तो. म्हणून तर चीड येते.

पुढं मी नोकरी सोडून स्पेअर पार्टचं दुकान टाकलं. तो तिथूनच रिटायर झाला आणि बोर्ड घरी घेऊन आला. म्हणजे तसलाच एक प्लायवूडचा बनवून घेतला, पांढरा रंग दिला आणि स्वयंपाकघरासमोर ठोकला. झोप, चालणं, साखर, मन. एक ओळ त्याची, एक वहिनींची. खाली ह्या महिन्याची उद्दिष्टं. दिवसभराचं दोन ओळीत लिहायचं, मग कार्ड लावायचं. सुरुवातीला मी त्याची टर उडवायचो, पण खरं सांगतो, तेव्हा त्यात लाल असायचं. गुडघा दुखला की लाल, पोराची आठवण आली की लाल. मग फिरायच्या ग्रुपातल्या कुणीतरी तो बघितला आणि बोभाटा केला. दर रविवारी पोह्यांवर मंडळी जमायला लागली. प्रभाकरराव आम्हाला पण शिकवा, प्रभाकरराव आमच्या कॉलनीत बोला. झालं, घरात पाहुणे सुरू झाले.

वहिनींची थोरली बहीण पैठणला वारली. दिवस घालून वहिनी परत आल्या आणि गपचूप आपल्या 'मन'समोर लाल कार्ड लावलं. मी त्या रविवारी लवकर पोचलो होतो. माझ्या डोळ्यांदेखत प्रभाकर उठला आणि ते कार्ड त्यानं उलटं केलं. वर वहिनींना समजावतो, "मंडळी येतायत, तेवढ्यापुरतं." वहिनी पोह्यावर कोथिंबीर टाकत होत्या, त्या टाकतच राहिल्या. मी म्हणालो, "प्रभ्या, हेच तू कंपनीत होऊ दिलं नव्हतंस." तर म्हणतो, "तिथं पार्ट होते सलीम, इथं घर आहे. घराचं चांगलंच दाखवावं." पाहुणे गेले तरी कार्ड हिरवंच राहिलं. वहिनींनी परत कधी लाल लावलं नाही. त्या घरात त्या दिवसापासून कुणाला काही झालंच नाही, ना वहिनींना, ना त्याला.

माझ्या दुकानाला पाच-सात पायऱ्या आहेत. गेल्या हिवाळ्यात त्या चढून आला की तो काउंटरला धरून उभा राहायचा, तोंडानं श्वास घ्यायचा. डॉक्टरकडं चल म्हटलं की, "घरी येऊन बोर्ड बघ एकदा." गेला त्या सकाळी छातीत दुखतंय असं तो वहिनींना म्हणाला होता. त्यांनी विचारलं, लाल लावू का, रिक्षा बोलावू का. "नको, उद्या रविवार आहे." हे मला वहिनींनी दहाव्याला सांगितलं, डोळ्यांत टिपूस नव्हता. लोक म्हणाले, बाई खंबीर आहे. खंबीर कसली हो... त्या बाईला रडायची सवयच राहू दिली नव्हती.

निखिलनं जायच्या आधी बोर्ड काढून ठेवला, तेव्हा मला बरं वाटलं. कसलं काय. त्यानं तेच सगळं आईच्या मोबाइलमध्ये घालून दिलं. रोज सकाळी मन कसं आहे ते दाबायचं, म्हणजे त्याला तिकडं दिसेल आणि काळजी राहणार नाही. पोरगं वाईट नाही, बापानं शिकवलं तसंच करणार ना ते. वहिनी रोज हसरा चेहरा दाबत होत्या. "दुसरं दाबलं की तो प्रश्न विचारतो, सलीमभाऊ, आणि ऑफिसात असतो बिचारा."

परवा मी गेलो तेव्हा त्या मुगाची डाळ निवडत बसल्या होत्या. फोन वाजला, त्यांनी स्पीकरवर टाकला. "आई, आज भरलं नाहीस." मला वाटलं विसरले म्हणतील. त्यांनी ताट बाजूला सरकवलं. "नाय भरलं. मला तुझ्या बापाचा राग येतो. मावशी गेली तर मला रडू दिलं नाय त्यांनी. आता ते गेले, तर तू पण दाबायला लावतोस. मला बरं नाय निखिल, हसरं दाबणार नाय मी आता. तू ये. तुझ्यासमोर बसून रडायचंय मला." मी उठायला लागलो, त्यांनी हातानंच बसा म्हणून सांगितलं. पलीकडं पोरगं रडायला लागलं, लहानपणी रडायचं तसं, हुंदके देऊन. मध्येच "सॉरी आई, ठेवतो, नंतर करतो" म्हणाला.

वहिनी म्हणाल्या, "ठेवू नको. रड. मी आहे इथंच."