दामूला मिळालेली रजा

नव्वदीच्या सुरुवातीच्या वर्षांत आमची कंपनी काश्मीरमध्ये एका उंच पोस्टवर तैनात होती. मी सिग्नल्सचा हवालदार, काम रेडिओ सेटवर. माझ्यासोबत दुसरा ऑपरेटर होता लान्सनायक दामोदर भोईर. मी मीरा रोडचा, तो भाईंदरजवळच्या राई गावचा. बाकी सगळ्यांशी हिंदीत बोलायचो, आम्ही दोघं मात्र मराठीत.

पोस्टवरचा दिवस ठरलेला असायचा. पहाटे हत्यारं घेऊन सज्ज राहायचा स्टँड-टू, मग चहा, सेटची तपासणी, बटालियन हेडक्वार्टरला रिपोर्ट. फायरिंग झालं तर बंकर. वाऱ्याने एरियल पडायची, थंडीने बॅटरी बसायची. असं काही झालं की माझ्या तोंडून आधी अल्हम्दुलिल्लाह निघायचं, म्हणजे अल्लाहचा शुक्र, त्याचे आभार. ही सवय अब्बांची. आमच्या मीरा रोडच्या नव्या बिल्डिंगला पाणी नव्हतं. टँकर आला नाही की बिल्डिंगवाले भांडायचे. अब्बा म्हणायचे, "आधी शुक्र कर, मग बादली उचल."

दामूला याचं हसू यायचं.

"युसूफभाय, एरियल पडली तरी अल्हम्दुलिल्लाह?"

"आपण नाही ना पडलो? चल, दोर धर."

त्या वर्षी ईदसाठी माझी रजा मंजूर झाली होती. खाली जाणारा गाड्यांचा कॉन्व्हॉय निघायच्या आदल्या संध्याकाळी कंपनी कमांडर मेजरसाहेबांनी आम्हा दोघांना बोलावलं. आमची जागा घ्यायला खालून येणारा रिलीफ ऑपरेटर आजारी पडला होता. त्याच दिवशी दामूच्या घरून निरोप आला होता. मुलगी झाली होती, पण बायकोची तब्येत बिघडली होती.

"एकच जाऊ शकतो," साहेब हिंदीत म्हणाले. "युसूफ, तुझी रजा थांबवतोय. दामोदर जाईल."

"यस सर."

वाईट वाटलं, नाही असं नाही. तीन ईद बाहेर झाल्या होत्या. पण अल्लाहने ज्याची गरज मोठी त्याला पाठवलंय, असं मनाशी म्हटलं आणि खरंच शांत झालो. सकाळी दामूची सॅक मी स्वतः गाडीत टाकली.

"अब्बांना काय सांगू?" त्याने विचारलं.

"सांग, मी खुशाल आहे."

ईद मी बंकरमध्ये केली. लंगरच्या कुकने शेवया उकडल्या होत्या. पुढच्या आठवड्यात दोनदा फायरिंग झालं. दोन्ही वेळा मनात आलं, बरं झालं, दामू घरी सुखरूप आहे.

मग एका दुपारी सेटवर हेडक्वार्टरचा कॉल आला.

"मेसेज फॉर कंपनी कमांडर. लिहून घे. ओव्हर."

"सेंड. ओव्हर."

"लान्सनायक दामोदर भोईर. रजेवर असताना खाडीत बुडून मृत्यू. ओव्हर."

मला वाटलं, ऑपरेटरने चुकीचं नाव वाचलं.

"से अगेन. ओव्हर."

त्याने तेच पुन्हा वाचलं. मी लिहिलं. रॉजर म्हटलं. कागद साहेबांच्या हातात दिला आणि सेटवर परत येऊन बसलो. ड्युटी अजून माझीच होती. हात ठीक चालत होते, पण कानात काही शिरत नव्हतं. समोरून आलेला पुढचा कॉल मी ऐकलाच नाही. सुभेदारसाहेबांनी माझ्या डोक्यावरचा हेडफोन काढून घेतला.

ज्या पोस्टवर रोज मरण समोर होतं तिथे मी जिवंत होतो. लहानपणापासून तो ज्या खाडीत पोहला, त्या खाडीने त्याला नेलं. आणि तो गेला होता माझ्या रजेवर. त्या दिवसापासून नमाज पढत राहिलो, पण मनापासून अल्हम्दुलिल्लाह निघेना. रजा थांबली तेव्हा मी ज्याला अल्लाहची मर्जी म्हटलं, ती ही होती?

रिलीफ आल्यावर मला रजा मिळाली. घरी पोचताच अब्बांना सगळं सांगितलं. शेवटी म्हणालो, "अब्बा, अल्हम्दुलिल्लाह म्हणवत नाही."

"आत्ता सब्र कर, धीर धर," ते म्हणाले. "सब्रही इबादतच आहे, अल्लाहची भक्तीच. कारण तुला कळलंच पाहिजे असं नाही. त्याच्या आईला भेटून ये."

भाईंदरला केबिन रोडवर दामूच्या मुलीसाठी एक लहान फ्रॉक घेतला आणि बसने राईला गेलो. दामूची आई ओट्यावर मासळी निवडत होती. मी नाव सांगितलं. तिने हात धुतले आणि मला आत नेलं.

"भरती चढत व्हती, बाला," ती म्हणाली. "होडीचा दोर सुटला. मी आनतो, म्हनून गेला. चिखलात पाय रुतला. आमी पोचेपर्यंत पानी डोक्यावर."

मी म्हटलं, "आये, ती रजा माझी होती. मी आलो असतो तर तो तिकडे जिवंत असता."

पाळण्यातली मुलगी उचलून तिने माझ्या मांडीवर ठेवली.

"तो आला नसता, तर हिचं तोंड त्यानं कवा बगितलं असतं? बारा दिवस हिला खाली ठेवली न्हाय त्यानं. बायकोला दवाखान्यात त्यानंच नेली, ती वाचली हाय. तुजी रजा गेली, पन युसूफभायनं तोंड वाकडं केलं न्हाय, असं सांगत व्हता."

मी तिच्यासमोर रडलो. फौजेत गेल्यापासून पहिल्यांदा.

त्या दिवशी मगरिबची, सूर्यास्तानंतरची नमाज भाईंदरच्या मशिदीत पढलो आणि सजद्यात, कपाळ जमिनीला टेकलेलं असताना, अल्हम्दुलिल्लाह निघालं. दामू गेला म्हणून नव्हे. त्याला ते बारा दिवस मिळाले म्हणून. पुढे सर्व्हिसमध्ये आणि नंतर सिव्हिलमध्ये खूप कामं अडली, प्रमोशन हुकलं, गुडघा गेला. मी शुक्र करतो आणि पुढचं काम बघतो. का, ते त्याला माहीत. माझा त्याच्यावर भरवसा आहे.

युनिटच्या स्मारकावर दामूचं नाव नाही. त्याचा मृत्यू ड्युटीवर झाला नाही, त्यामुळे नियमाने ते येत नाही. आमचे जुने लोक जमतात तेव्हा शहिदांची नावं वाचली जातात आणि सगळे सावधानमध्ये उभे असतात. वाचन संपतं. विश्रामचा हुकूम यायच्या आधी आम्ही सिग्नलवाले एक नाव मोठ्याने घेतो. लान्सनायक दामोदर भोईर, राई. आजवर कुणी अडवलेलं नाही.