तोंडात धरलेलं पीस

मी आज वर्गात मुलांसमोर उभा राहतो तो माझ्या आतेमुळे. आमच्या घरात माझ्याआधी दहावीच्या पुढे कुणी गेलं नव्हतं. वडील भात आणि काजू करतात. बारावीनंतर कट्टा गावाच्या पलीकडच्या आमच्या वाडीतून मालवणच्या कॉलेजात वेळेवर पोहोचवील अशी गाडी नव्हती. वडिलांची ही थोरली बहीण मालवणजवळ खाडीकाठी एकटी राहायची. तिचे यजमान वारले होते, मूलबाळ नव्हतं. एके दिवशी ती आली आणि वडिलांना म्हणाली, "ह्येका माझ्याकडे धाड. शिकलो तर तुझो, नाय शिकलो तर माझो. माका गळ बांधूक माणूस होयोच आसा."

तिच्याकडे तीन वर्षं राहून मी पदवी घेतली. गळ बांधायला मात्र शिकलो नाही.

आते गरवते, म्हणजे गळ टाकून मासे धरते. पण गळाला ती कोलंबीचा तुकडा लावत नाही. तिचे यजमान बोटीवर खलाशी होते. गळावर कोंबड्याचं पीस बांधून माशाला फसवायची विद्या ते कुठल्याशा बंदरावरून घेऊन आले आणि तिला देऊन गेले. बांगड्याला पांढरं पीस आणि उदबत्तीच्या पुड्यातला चमकता कागद, कारण बांगडा चमक बघून धावतो. काळुंदराचं तोंड एवढंसं आणि खाणं शेवाळाचं, म्हणून त्याला बारीक गळावर नुसता हिरवा दोरा. तांबोशीला जाड गळ, आणि त्यावर तांबड्या कोंबड्याच्या मानेची पिसं, कोलंबीसारखी मागे मिटलेली. तांबोशी कपारीत दबा धरून बसते आणि एकदाच झडप घालते. गळ खोटा वाटला तर ती त्या दिवशी पुन्हा बाहेर येत नाही. ही तांबडी पिसं वर्षातून एकदाच मिळतात. गावच्या राखणदार देवाला कोंबडा देतात त्या दिवशी आते सगळ्यांच्या आधी हजर असते. "मटण तुमका, मान माका," म्हणते.

गेल्या पावसाळ्यानंतर तिच्या बोटांची पेरं सुजली. दोरा चिमटीत धरवेना. मनगट शाबूत होतं, गळ अजून लांब पडायचा, पण नवा बांधता येत नव्हता. शिल्लक होते ते एकेक करून खडकात अडकून तुटले. तांबोशीचा शेवटचा गळ तुटला त्या दिवशी तिने तंगुसाची, म्हणजे गळाच्या नायलॉन दोरीची, गुंडाळी खुंटीला टांगली. मला फोनवर म्हणाली, "आता पुरे. बाजारातलो मासो खातंय." शेजारच्या सुनेने सांगितलं, आते दिवसभर पडवीत बसून असते, जेवायलाही हाक मारावी लागते. भरतीची वेळ बघून उठणारी बाई वेळच विचारेनाशी झाली होती.

तिला मी पुन्हा खडकावर न्यायचं ठरवलं. मी खारेपाटणला शिक्षक आहे. शाळा सुटली की टेबलाला गळ घट्ट धरणारा छोटा शिकंजा लावून बसायचो. फोनवर बघून बघून गळ बांधले. गाठ सुटू नये म्हणून वरून नखाला लावायचं पॉलिश दिलं. रविवारी सहा गळ घेऊन गेलो.

आते मला झील, म्हणजे मुलगा, म्हणते. तिने एक उचलून उजेडात धरला. "रे झिला, ह्यो गळ की नवरदेवाचो तुरो?"

दुसऱ्या खेपेचे तिने कळशीत बुडवून बघितले आणि म्हणाली, "सुक्या बांगड्यासारखो ताठ." तिसऱ्या खेपेला नुसता पॉलिशचा वास घेतला आणि नाक मुरडलं. चौथ्या खेपेला बघितलंही नाही. "मास्तर, पोरांका नापास करतंस मां? मगे आता तू नापास."

"पुढच्या रविवारी परत आणतो."

"हाड परत. माका खंय जावचा आसा?"

पाचव्या खेपेला मी काहीच नेलं नाही. पिसांची पिशवी तिच्यापुढे ठेवली आणि म्हटलं, येईल तेवढं बांधून दाखव. तिने एक पीस निवडलं आणि सवयीने ओठांत धरलं. थुंकीने भिजवलं, जिभेने सारखं केलं आणि बाहेर काढलं. सुकं असताना ते पंख्यासारखं फुललेलं होतं. ओलं झाल्यावर निम्मंही उरलं नव्हतं, आणि टोकाला वाक आला होता. ते तिने गळावर धरून मापलं. बांधायला मात्र बोटं वळली नाहीत.

तीन वर्षं मी हे रोज बघितलं होतं. बायका केसांत खोवायचे आकडे तोंडात धरतात तसं काही असेल, असं मला वाटायचं. शिवाय कोंबडीचं पीस तोंडात घालणं घाण, असं मी पुस्तकात शिकलो होतो. म्हणून नेमकी तेवढीच गोष्ट मी सोडून दिली होती.

"मेल्या, त्येका पाण्यात जावचा आसा ना? मगे सुक्या पिसाचा माप कित्या घेतंस?"

"तू कधी सांगितलंच नाहीस!"

"तोंडात पीस असताना बोलूक येता काय?"

त्यानंतर रोज बांधले आणि उसवले. स्टाफरूममध्येही सराव चालायचा. मास्तर कोंबडी पिसांसकट खातात, असं तिथे बोललं जाऊ लागलं. मी पीस तोंडातच ठेवलं, त्यामुळे उत्तर द्यावं लागलं नाही. गळ मनासारखे झाले तेव्हा ते डब्यात घातले आणि बरोबर पत्र लिहिलं. फोनवर तिला अर्धं ऐकू येतं. पत्र शेजारची सून वाचून दाखवते. शाळेत आम्हाला घरची बोली कागदावर लिहू देत नसत. हे पत्र मी बोलीतच लिहिलं, कारण शुद्ध मराठी ऐकून तिला तहसीलातून नोटीस आली असं वाटलं असतं.

आते,

ह्या डब्यात पाच गळ आसत. दोन बांगड्याचे, एक काळुंदराचो, दोन तांबोशीचे. पिसां तोंडात धरून बांधलंय. पॉलिश लावूक नाय, वास घेवन बघ.

काल सकाळी भरती लागताना हयल्या खाडयेत टाकून बघितलंय. तिसऱ्या खेपेक तांबोशीन ओढ मारल्यान. वितीपेक्षा मोठी होती. फोटो डब्यात घातलंय, नायतर तू खोटा म्हणशीत.

तुझ्यामुळे माका पदवीचो कागद मिळालो. तो भिंतीक लावलेलो आसा. पण तू माका नापास केलंस, ता अजून तसाच आसा.

आयतवारी सकाळी येतंय. तंगूस खुंटयेवरसून काढून ठेव. गाठ मी मारतंय, टाकूचा तुया. टाकूक मनगट लागता, बोटां नाय, ता माका ठावक आसा. गळ बरो नाय वाटलो तर थयच खडकार सांग, मी थयच बसून दुसरो बांधतंय. पिसां वांगडा घेवन येतंय.

नाय म्हणा नको.

तुझो झील